टाळ्यांची कळ: ‘स्टार ट्रेक’चा आखाडा आणि रोमचा इतिहास

१/
१५ मार्च १९६८, शुक्रवारची रात्र. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेचा ‘ब्रेड अँड सर्कसेस’ हा भाग सुरू आहे. पडद्यावर ग्लॅडिएटर लढत आहेत. मात्र भोवती कोलोसियम नाही, दगडी पायऱ्या नाहीत, हजारोंची गर्दी नाही. आहे तो दूरचित्रवाणीचा एक छोटासा स्टुडिओ. मागे रंगवलेला देखावा, समोर कॅमेरे आणि यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ. त्याने एक कळ फिरवली की टाळ्यांचा कडकडाट होतो, दुसरी फिरवली की धिक्काराचे आवाज उठतात. आखाड्याभोवती प्रेक्षक नाही. तरीही कोणीतरी मरणार आहे.

२/
मराठीत ‘आखाडा’ म्हटले की तांबडी माती आणि स्वखुशीने उतरलेला पैलवान डोळ्यांपुढे येतो. रोमन आखाड्याची गोष्ट वेगळी. ‘अरेना’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘वाळू’. रक्त शोषून घेण्यासाठी लढतीच्या जागी ती पसरली जाई. त्या वाळूवर उतरणाऱ्या बहुतेकांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता. अशा आखाड्याचा इतिहास तलवारीपासून सुरू करण्याचा मोह होतो. तो खऱ्या अर्थाने उलगडतो मात्र आसनांवर बसलेल्यांकडे पाहिल्यावर. हा थ्रेड त्यांच्याविषयी आहे.

३/
आधी कथानक. ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानाला बेपत्ता झालेल्या ‘बीगल’ या मालवाहू यानाचे अवशेष सापडतात. शोध घेत कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय एका ग्रहावर उतरतात. तेथे रोमन साम्राज्य कधी कोसळलेच नाही. विसाव्या शतकात मोटारी आहेत, मासिके आहेत, दूरचित्रवाणी आहे आणि गुलामगिरीही आहे. ‘बीगल’चा कप्तान मेरिक आता तेथे मोठ्या पदावर बसला आहे. त्याची किंमत त्याच्या खलाशांनी मोजली. त्यानेच त्यांना खाली बोलावले. ज्यांना त्या समाजाशी जुळवून घेता आले नाही, ते आखाड्यात मेले.

४/
या भागाचे नाव रोमन उपहासकवी ज्युवेनाल याच्या एका प्रसिद्ध शब्दप्रयोगावरून घेतले आहे. धान्य आणि खेळ मिळाले की नागरिक राज्यकारभाराची चिंता सोडून देतात, असा त्याचा रोख. पटकथा जीन रॉडेनबेरी आणि जीन एल. कून यांची. त्यांनी ज्युवेनालचा टोमणा उचलून थेट स्वतःच्या व्यवसायावर रोखला. लढण्यास नाखूश असलेल्या फ्लेवियस या ग्लॅडिएटरला पहारेकरी धमकी देतो, तीही मृत्यूची नव्हे. वाहिनीची लोकप्रियता, म्हणजे आजच्या भाषेत टीआरपी, तुझ्यामुळे घसरली तर तुझ्यावरच एक विशेष कार्यक्रम करू, अशी ती धमकी आहे.

५/
या कल्पनेत खरे रोम किती? त्यासाठी इ.स.पू. २६४ पर्यंत मागे जावे लागते. रोममधील पहिली नोंदलेली ग्लॅडिएटर-लढत त्या वर्षी गुरांच्या बाजारात झाली. निमित्त होते ब्रूटस पेरा या सरदाराच्या अंत्यविधीचे. त्याच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ तीन जोड्या लढवल्या. या लढतींना ‘मुनुस’ म्हणत. कर्तव्य आणि देणगी असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. आरंभी ही देणगी मृतासाठी होती. पुढे ती जिवंतांसाठी, नेमके सांगायचे तर मतदारांसाठी, होऊ लागली.

६/
इ.स.पू. ६५ मध्ये ज्युलियस सीझर ‘एडाइल’ या पदावर होता. सार्वजनिक उत्सवांची जबाबदारी या पदाकडे असे. त्याने वडिलांच्या स्मरणार्थ लढती जाहीर केल्या. वडिलांना जाऊन वीस वर्षे झाली होती! प्लूटार्कने जोड्यांची संख्या ३२० दिली आहे. शहरात एवढे शस्त्रधारी एका माणसाच्या हाताखाली पाहून विरोधक धास्तावले आणि कोणी किती ग्लॅडिएटर बाळगावेत यावर मर्यादा घालण्यात आली. बादशाही आल्यावर ही देणगी जवळजवळ सम्राटाची मक्तेदारी बनली. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने कोलोसियमचे उद्घाटन केले, तेव्हा खेळ शंभर दिवस चालले.

७/
लढणारे कोण होते? युद्धकैदी, गुलाम आणि शिक्षा झालेले गुन्हेगार. काही स्वतंत्र माणसेही कर्जापायी किंवा कीर्तीसाठी या धंद्यात उतरत. त्यांना शपथ घ्यावी लागे: जाळले, बांधले, फटकावले किंवा लोखंडाने मारले तरी सहन करीन. त्या क्षणापासून कायद्याच्या दृष्टीने ते कलंकित ठरत. भिंतींवर त्यांची नावे कोरली जात, त्यांची चित्रे दिव्यांवर उमटत, लहानथोर त्यांच्या लढतींची चर्चा करीत. पण प्रतिष्ठित नागरिकाचे हक्क त्यांना नसत. प्रसिद्धी आणि अप्रतिष्ठा एकाच देहात नांदत होती.

८/
या व्यवहाराचा सर्वांत थंड पुरावा एखाद्या रणवर्णनात सापडत नाही. तो कायद्याच्या पाठ्यपुस्तकात आहे. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस विद्यार्थ्यांपुढे एक कोडे ठेवतो. ग्लॅडिएटर पुरवताना करार असा झाला: जो धडधाकट परतेल त्याच्या श्रमाचे २० दिनार, जो मरेल किंवा कायमचा अपंग होईल त्याचे १००० दिनार. मग ही विक्री की भाडेपट्टी? गायस बहुमान्य उत्तर देतो: परतले ते भाड्याने दिले, मेले ते विकले. माणूस भाड्याचा होता की विकलेला, हे लढत संपल्यावर ठरे. गायसचा हा ग्रंथ १८१६ मध्ये वेरोना येथे, खरवडून पुन्हा वापरलेल्या एका चर्मपत्रावर सापडला.

९/
२० आणि १००० या आकड्यांतील अंतर पन्नास पटींचे आहे. त्यातून दोन गोष्टी कळतात. प्रत्येक लढत मृत्यूनेच संपत नसे, कारण ते आयोजकाला परवडणारे नव्हते. आणि ग्लॅडिएटरची काळजी घेतली जाई. पुढे जगप्रसिद्ध झालेला वैद्य गॅलेन याने इ.स. १५७ पासून पेर्गामम येथे ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार केले. इफेसस येथे १९९३ मध्ये सापडलेल्या ग्लॅडिएटरांच्या दफनभूमीतील अस्थींवर नीट भरून आलेल्या जखमा दिसतात. त्यांच्या आहारात जव आणि कडधान्यांचा भर होता.

१०/
मालिकेतील सूक्ष्म निरीक्षण येथेच आहे. त्या ग्रहावरील गुलामांना वैद्यकीय सेवा मिळते, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळते. म्हणून बंड करण्याची इच्छा हळूहळू मावळत गेली, असे कथेत सांगितले जाते. निवृत्तिवेतन हा पटकथाकारांचा कल्पनाविलास. पण सक्तीची व्यवस्था चाबकाबरोबर औषधही बाळगते, हे रोमच्या नोंदींशी जुळते. गॅलेनच्या हाताखालील जखमी माणूस बरा होत असे, तो पुन्हा वाळूवर उतरण्यासाठी.

११/
येथे एक प्रचलित समज बाजूला ठेवावा लागतो. अंगठा खाली म्हणजे मृत्यू, वर म्हणजे जीवदान, ही खूण लोकांच्या मनात पक्की बसवली ती फ्रेंच चित्रकार जेरोम याच्या १८७२ च्या एका चित्राने. रोमन लेखक ‘वळवलेला अंगठा’ एवढेच सांगतात. तो कोणत्या दिशेला, हे स्पष्ट नाही. निर्विवाद आहे ते इतकेच की हरलेल्याचे काय करायचे हे आयोजक ठरवी आणि ठरवताना तो गर्दीचा कौल घेई. पायरीवर बसलेला माणूस केवळ पाहत नव्हता, निकालातही सामील होता.

१२/
या सहभागाचा परिणाम काय होतो, हे तत्त्वज्ञ सेनेका याने एका पत्रात लिहून ठेवले. तो दुपारच्या वेळी करमणुकीच्या अपेक्षेने गेला. त्या वेळी ढाल-शिरस्त्राणाविना सोडलेले गुन्हेगार एकमेकांना मारत होते आणि लोक आणखी मागत होते. आपण घरी परतलो ते अधिक क्रूर होऊन, असे तो कबूल करतो. वाळूवर न उतरताही आखाडा माणसाला बदलतो, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका रोमनालाच जाणवले होते.

१३/
इ.स. ५९ मध्ये पॉम्पेई येथे तर खेळ पायऱ्यांवरच उतरला. पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुसेरियाचे लोक लढती पाहायला एकत्र जमले होते. आधी टोमणे, मग दगड, शेवटी शस्त्रे. टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे अनेकांना प्राण गमवावे लागले. रोमच्या सिनेटने पॉम्पेईत असे मेळावे भरवण्यास दहा वर्षांची बंदी घातली. या दंगलीचे भित्तिचित्र पॉम्पेईतील एका घरात सापडले. आज ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

१४/
आता पुन्हा १९६८. रोमन आयोजकाला गर्दी गोळा करावी लागे; दूरचित्रवाणीने तीही यंत्रात भरली. चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात हशा आणि टाळ्यांचे ध्वनिमुद्रण वाजवणारी पेटी तयार केली होती आणि अमेरिकी विनोदी मालिकांत ती सर्रास वापरली जाई. ‘ब्रेड अँड सर्कसेस’मधील कळ म्हणजे त्याच पेटीची आखाड्यातील बहीण. घरी बसलेल्याने कधी हसावे आणि कधी संतापावे, हे त्याच्या आधी कोणीतरी ठरवलेले असते.

१५/
विडंबनाला आणखी एक धार होती. ‘स्टार ट्रेक’ स्वतःच प्रेक्षकसंख्येच्या आखाड्यात उभी होती. मालिका बंद पडणार अशी चिन्हे दिसताच चाहत्यांनी १९६७-६८च्या हिवाळ्यात पत्रांची मोहीम उघडली. बिजो आणि जॉन ट्रिंबल हे दांपत्य तिच्या अग्रभागी होते. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहील, अशी घोषणा एनबीसीने प्रसारणातच केली. दोनच आठवड्यांनी प्रेक्षकसंख्येसाठी माणसे मारणाऱ्या वाहिनीची कथा त्याच वाहिनीवर झळकली. जीवदान मात्र अल्पकाळचे ठरले. जून १९६९ मध्ये मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला.

१६/
त्या वर्षी अमेरिकी घरांत आणखी एक लढत रोज दिसत होती: व्हिएतनाम युद्ध. जानेवारीअखेर टेट आक्रमण सुरू झाले होते. २७ फेब्रुवारीला सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी युद्ध कोंडीत सापडल्याचे सांगितले. हा भाग दाखवला गेला त्या शुक्रवारी अमेरिकेत रात्र असताना व्हिएतनाममध्ये १६ मार्चची सकाळ उजाडली होती. त्याच सकाळी माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार केले. जगाला ते कळले नोव्हेंबर १९६९ मध्ये. पडद्यावरचे युद्ध रोज पाहणाऱ्यांना पडद्याबाहेरचे युद्ध दीड वर्षाहून अधिक काळ दिसले नाही.

१७/
याच मालिकेने हा विषय दोन महिन्यांपूर्वीही हाताळला होता. ५ जानेवारी १९६८च्या ‘द गेमस्टर्स ऑफ ट्रिस्केलियन’मध्ये कर्क, उहुरा आणि चेकोव्ह यांना पळवून नेले जाते, गळ्यात वेदना देणारे पट्टे अडकवले जातात आणि लढण्यास भाग पाडले जाते. मालक कोण? शरीर गमावलेले तीन मेंदू. कंटाळा घालवण्यासाठी ते ‘क्वाटलू’ नावाच्या चलनात पैजा लावतात. कर्क त्यांच्या व्यसनाचाच उपयोग करतो आणि सर्व गुलामांच्या मुक्ततेची पैज जिंकतो. खऱ्या इतिहासात मालकांनी अशी पैज लावल्याचे उदाहरण नाही. तेथे सुटका माणसांनी स्वतःच मिळवू पाहिली.

१८/
इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ येथील ग्लॅडिएटर-शाळेतून सुमारे सत्तर जण स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि सळया घेऊन निसटले. त्यांचा नेता स्पार्टाकस. दोन वर्षांनी बंड चिरडले गेले आणि ६००० बंदिवानांना कापुआ ते रोम या मार्गावर क्रुसांवर चढवण्यात आले. इ.स. ५२ मध्ये फुसिनो तलावावर सम्राट क्लॉडियसने नौकायुद्धाचा खेळ भरवला. मरणास निघालेल्यांनी त्याला वंदन केले. ‘किंवा नाहीही’ अशा आशयाचे त्याचे उत्तर ऐकून त्यांनी ते जीवदान समजले आणि लढायचे नाकारले, असे सुएटोनियस सांगतो. सम्राटाला धमक्या देत, विनवण्या करीत काठावर धावाधाव करावी लागली. शेवटी ते लढले. ‘मरणारे तुला वंदन करतात’ हा चित्रपटांतून घराघरांत पोहोचलेला उद्गार या एकाच प्रसंगातून आला आहे.

१९/
इ.स. ३९३ मध्ये सिमाकस या धनाढ्य सिनेटराने मुलाच्या पदग्रहणानिमित्त खेळ भरवले. त्यासाठी आणलेल्या सॅक्सन कैद्यांपैकी २९ जणांनी उतरण्याआधीच एकमेकांचे गळे आवळून जीवन संपवले. सिमाकस आपल्या पत्रात त्यांना स्पार्टाकसच्या टोळीहून वाईट ठरवतो. त्याच्या दृष्टीने नुकसान झाले ते त्याचे. त्या २९ जणांपैकी एकाचेही नाव त्याने लिहिलेले नाही. रोमन आखाड्याला मिळालेला हा कदाचित सर्वांत संपूर्ण नकार. लढतही नाही आणि प्रेक्षकांना दिसेल असे मरणही नाही.

२०/
मग आखाडे बंद कसे झाले? मालिकेचा शेवट सूचित करतो की उदयास येणारा ख्रिस्ती धर्म त्या ग्रहाला बदलेल. पाचव्या शतकातील लेखक थिओडोरेट असेच सांगतो: टेलेमॅकस हा साधू लढत थांबवायला आखाड्यात उतरला, संतप्त प्रेक्षकांनी त्याला ठार केले आणि सम्राट ऑनोरियसने लढती बंद केल्या. प्रत्यक्षात वाट लांबची होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्येच या खेळांविरुद्ध आदेश काढला होता. तरीही ते काही पिढ्या चालू राहिले. श्वापदांच्या शिकारीचे खेळ तर रोममध्ये इ.स. ५२३ पर्यंत नोंदलेले आहेत. साम्राज्याचा धर्म बदलला, पश्चिमेचे सम्राटपदही संपले, तरी आसने भरत राहिली.

२१/
‘स्टार ट्रेक’ला या प्रश्नाचे एक आशावादी उत्तर आधीच सुचले होते. १९ जानेवारी १९६७च्या ‘अरेना’ या भागात मेट्रॉन नावाचे प्रगत जीव कर्कला सरड्यासारख्या गॉर्नशी एकट्याने लढायला लावतात. हरणाऱ्याचे यान नष्ट होणार, अशी अट. गंधक, कोळसा आणि सोरा मिसळून कर्क ओबडधोबड तोफ बनवतो, जिंकतो आणि गॉर्नला मारण्यास नकार देतो. ही दया पाहून मेट्रॉन दोघांनाही सोडतात. फ्रेडरिक ब्राउन यांच्या ज्या १९४४च्या कथेशी हा भाग जोडला जातो, तिचा नायक शत्रूला मारतो. तेवीस वर्षांनी दूरचित्रवाणीने नायकाचा हात थांबवला.

२२/
रोममधील दयेचा एक दस्तऐवज मिलान येथे जपलेल्या एका दगडावर आहे. तिसऱ्या शतकातील ही समाधिशिला उर्बिकस या ग्लॅडिएटरची. तो फ्लॉरेन्सचा, तेरा लढती लढलेला, वयाच्या २२व्या वर्षी मेलेला. सात वर्षे संसार केलेली पत्नी लॉरिकिया हिने ही शिला उभारली. मुलगी ऑलिंपियास पाच महिन्यांची असताना तो गेला. पुढे त्याच्या तोंडी वाचकाला एक इशारा आहे: ज्याला हरवाल त्याला ठार करा. अनेक अभ्यासक त्यावरून तर्क करतात की उर्बिकसने कधीतरी एकाला सोडले असावे आणि त्याच्याच हातून तो मेला असावा.

२३/
गॉर्नला सोडणाऱ्या कर्कचे वरून कौतुक झाले, कारण त्या आखाड्याचे मालक दयेची परीक्षा घेत होते. उर्बिकसच्या आखाड्यात माणसाची किंमत तो मेल्यावर पन्नास पटींनी वाढत होती आणि जिवंत सुटलेला प्रतिस्पर्धी पुन्हा समोर उभा केला जाणार होता. तेथे दया दाखवणाऱ्याच्या पाठीशी कोणीच नव्हते: ना कायदा, ना आयोजक, ना पायऱ्यांवरची गर्दी. म्हणूनच तरुण पत्नीने पतीच्या समाधीवर ‘दया करू नका’ असे कोरून घेतले. ग्लॅडिएटरांच्या शौर्याच्या कथा वाचताना लॉरिकियाचा हा दगडही लक्षात ठेवायला हवा.